रिपोर्ट नॉर्मल, तरी दुखणं खरं

‘सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, तुम्हाला काही झालेलं नाही.’ हे वाक्य ऐकून दवाखान्यातून घरी परतलेल्या बायका चोपडा तालुक्यात गावोगावी भेटतील. हातात प्लॅस्टिकची पिशवी असते. तिच्यात मानेचा, कंबरेचा, गुडघ्याचा एक्स-रे, सीबीसी, युरिक ॲसिड, आरए फॅक्टरचे कागद आणि तीन-चार डॉक्टरांच्या चिठ्ठ्या. दर वर्षी पिशवी फुगत जाते, दुखणं होतं तिथंच राहतं. कुठे दुखतं म्हणून विचारलं तर ती एका जागेवर बोट ठेवू शकत नाही. ‘आख्खं आंग ठणकस’ एवढंच सांगते. रात्रभर पडून राहिली तरी सकाळी न झोपल्यासारखी उठते. सांगितलेलं लक्षात राहत नाही. एक दिवस काम जास्त झालं की पुढचे दोन दिवस अंथरूण धरते. असं तीन महिने किंवा त्याहून जास्त चाललं, तर तो फायब्रोमायल्जिया असू शकतो. पुरुषांनाही तो होतो, बायकांमध्ये जास्त आढळतो.

या दुखण्याबद्दल आपल्याकडे तीन मतं घट्ट बसली आहेत. पहिलं मत म्हणतं, तपासणीत सापडत नाही त्या अर्थी आजार नाही, हे मनाचे खेळ किंवा कामचुकारपणा. दुसरं म्हणतं, हा वात आहे, सुई घ्या किंवा चूर्ण घ्या, मुळासकट जाईल. तिसरं म्हणतं, दिवसभर शेतात राबणाऱ्या बाईला व्यायाम सांगणं म्हणजे तिची थट्टा. पहिली दोन मतं मला साफ चुकीची वाटतात. तिसऱ्यात तथ्य आहे, म्हणून त्याचं उत्तर शेवटी आणि सविस्तर द्यावं लागेल.

पहिल्या मताचा सगळा भार एका गृहीतावर आहे : जे खरं असेल ते रक्तात किंवा एक्स-रेमध्ये दिसलंच पाहिजे. अर्धशिशी कुठल्या एक्स-रेत दिसते? तरी तिला कोणी खोटं म्हणत नाही. फायब्रोमायल्जियात हाडं झिजत नाहीत, सांधे वाकडे होत नाहीत, म्हणून एक्स-रे साफ येतो. बिघाड असतो तो मज्जासंस्थेने वेदना मोजण्याच्या पद्धतीत. लाउडस्पीकरचा कान कोणी पिळून ठेवला तर हळू बोललेलंही कर्कश ऐकू येतं, तसा साधा दाबही या शरीराला दुखण्यासारखा पोचतो. २००२ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी रुग्णांच्या आणि निरोगी माणसांच्या अंगठ्याच्या नखावर सारखाच हलका दाब देऊन मेंदूची छायाचित्रं घेतली. रुग्णांच्या मेंदूत वेदनेच्या जागा ठळक उजळल्या. निरोगी माणसांना तेवढंच दुखण्यासाठी बराच जास्त दाब लागला. २०२१ मध्ये लिव्हरपूल, लंडन आणि स्टॉकहोमच्या संशोधकांनी रुग्णांच्या रक्तातल्या अँटिबॉडी उंदरांना टोचल्या, तेव्हा ते उंदीर दाबाला आणि थंडीला जास्त कळवळू लागले. उंदराला सासर नसतं आणि कामही चुकवायचं नसतं. मनाचे खेळ म्हणणाऱ्यांनी या प्रयोगाचं उत्तर द्यावं.

हे दुखणं शहरी, रिकामटेकड्या बायकांचं असतं, असाही एक समज आहे. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये भिगवण या खेड्यात घरोघरी जाऊन पाहणी केली. चार हजारांवर प्रौढांपैकी सुमारे १८ टक्के लोकांना स्नायू-सांध्यांची दुखणी निघाली. ज्याच्यासाठी ‘आरए फॅक्टर’ तपासतात आणि ज्याला सगळे घाबरतात, तो र्‍हुमॅटॉइड संधिवात मात्र दर २०० जणांत एकाच्या आसपास होता. खेड्यातली अंगदुखी अफाट आहे, आणि तिच्यातली बहुतेक ‘आरए फॅक्टर’च्या कागदात मावत नाही, हे पंचवीसहून अधिक वर्षांपूर्वीच दिसलं होतं.

तपासण्या निरुपयोगी आहेत, असा याचा अर्थ कोणी काढू नये. थायरॉइड मंदावलं, रक्त कमी झालं, ड किंवा बी-१२ जीवनसत्त्व घटलं, तरी अंग दुखतं आणि थकवा येतो. आपल्याकडे निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. ते आधी तपासायलाच हवं. सांधा सुजला, ताप येत राहिला, वजन उतरलं, हातापायातली ताकद गेली, तर ते दुखणं वेगळं आहे आणि त्याला उशीर चालत नाही. माझं म्हणणं एवढंच, की तपासणी दुसरे आजार शोधण्यासाठी असते. तिचा कागद बाईला खोटं ठरवण्यासाठी वापरू नये. १९९० साली अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने अंगावरच्या १८ जागा दाबून निदान ठरवलं होतं. २०१० पासून दुखणाऱ्या भागांची मोजणी, झोप, थकवा आणि स्मरण यांवर भर आला. म्हणजे निदानाचं मुख्य साधन बाईचं सांगणं हेच आहे, आणि नेमकं तेच कोणी पुरतं ऐकून घेत नाही.

आता दुसरं मत. सुई घेतली की दोन दिवस हलकं वाटतं, हे खरं आहे. त्या सुईत किंवा पुडीतल्या बारीक गोळीत अनेकदा स्टेरॉइड असतं. फायब्रोमायल्जियात स्टेरॉइडचा उपयोग नाही. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ च्या शिफारशींत ते देऊ नये असंच म्हटलं आहे. चेहरा गोल होतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, आणि बरेच दिवस घेतलेली गोळी एकदम थांबवली तर जिवावर बेततं. दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांचा या दुखण्यावर फारसा परिणाम होत नाही. पोटात व्रण आणि मूत्रपिंडाचा त्रास मात्र होऊ शकतो. ‘शुद्ध आयुर्वेदिक, साइड इफेक्ट नाही’ असं सांगून विकल्या जाणाऱ्या अंगदुखीच्या बिननावाच्या चूर्णांत स्टेरॉइड मिसळल्याचे प्रकार आपल्या देशात वारंवार उघड झाले आहेत. ज्या पुडीवर घटक छापलेले नाहीत आणि जिने दोन तासांत चमत्कार होतो, ती पुडी नैसर्गिक म्हणून विकली तरी घेऊ नये. तिळाच्या तेलाने अंग चोळलं तर बरं वाटतं, जरूर चोळावं. पण त्यालाच इलाज मानून बाकीचं सोडू नये. डॉक्टरांनी रात्री घ्यायला ॲमिट्रिप्टिलिनसारखी गोळी कमी मात्रेत दिली, तर ‘झोपेची गोळी’ म्हणून ती फेकूनही देऊ नये. काहींची झोप तिने सुधारते आणि वेदना कमी होते.

मग खरंच उपयोगी पडणारे नैसर्गिक उपाय कोणते? त्याच २०१७ च्या शिफारशींत सगळ्यात ठाम शिफारस एकाच गोष्टीची आहे, ती म्हणजे व्यायाम. कोमट पाण्यातले उपचार, योगासारख्या सावकाश हालचाली आणि मनाला वळण लावणारे उपचार यांनाही त्यांत जागा आहे. व्यायामाची सुरुवात पाच-दहा मिनिटं सपाट रस्त्यावर चालण्यापासून करावी. पहिले काही दिवस अंग जास्त दुखेल. ते इजेचं लक्षण नाही. दर आठवड्याला थोडं वाढवत वीस-तीस मिनिटांपर्यंत जावं आणि निदान सहा आठवडे हिशेब मांडू नये. सगळ्यात अवघड नियम बऱ्या दिवसासाठी आहे. एका सकाळी अंग हलकं वाटलं की बाई बिबडे, कुरडया, पापड एकाच बैठकीत उरकायला घेते आणि पुढचा आठवडा पडून काढते. बऱ्या दिवशी थोडं कमी आणि वाईट दिवशी थोडं तरी, हे जमलं की चढउतार कमी होतात.

झोपेचं महत्त्व व्यायामाहून कमी नाही. १९७५ मध्ये टोरांटोच्या डॉ. हार्वी मोल्डॉफ्स्की यांनी निरोगी तरुणांची फक्त गाढ झोप आवाज करून मोडली, त्यांना पुरतं जागं केलं नाही. काही रात्रींतच त्यांचं अंग दुखू लागलं आणि जागोजागी दाबलं की कळ येऊ लागली. आता आपल्या घरांकडे पाहा. शेतीपंपाची वीज रात्री येते, तेव्हा पाणी भरायला घरचे उठतात. त्यांच्याबरोबर चहा ठेवायला घरची बाई उठते, आणि पहाटे सगळ्यांच्या आधी पुन्हा तीच. मोडलेली झोप अंग दुखवते हे प्रयोगशाळेत सिद्ध झालंय, आणि आपल्या घरांत तो प्रयोग बाईवर वर्षानुवर्षं चालू आहे.

गरम पाण्यासाठी आपल्याला लांब जायला नको. अडावदजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी उनपदेवला गोमुखातून गरम पाणी पडतं. शरभंग ऋषींचं ते स्थान, पौषात तिथे यात्रा भरते. तिथे अंघोळ करून आलेली बाई सांगते की अंग मोकळं झालं. तिचं म्हणणं मी खरं मानतो. उष्णतेने स्नायू सैलावतात. पण तो आराम तात्पुरता असतो, आणि त्या दिवशी तिला आणखीही काही मिळालेलं असतं : स्वयंपाकातून सुटका, चार मैत्रिणींची सोबत, पाण्याखाली निवांत बसायला वेळ. पाण्याचा गुण सांगणाऱ्यांनी या वेळेचाही गुण सांगावा. झोपण्यापूर्वी घरी दोन बादल्या गरम पाणी आणि अर्धा तास निवांतपणा रोज मिळाला, तर वर्षातून एकदा उनपदेवला जाण्याहून त्याचा फायदा मोठा आहे.

आता तिसरं मत. कापसाच्या वेचणीला गेलेली बाई पाहा. कंबरेला झोळी, कंबरेतून वाक, दोन्ही हात बोंडांवर, वाळलेल्या बोंडाची टोकं नखांच्या कडांना टोचतात. झोळी भरत जाते तसा कंबरेवरचा ओढा वाढतो. मजुरी किलोवर, म्हणून थांबलं की पैसे थांबले. अशा बाईला ‘चालायला जा’ म्हणणाऱ्याचा राग येणं साहजिक आहे. पण हीच मजुरी नीट पाहिली की कष्ट आणि व्यायाम यांतला फरक कळतो. मजुरीत वेग दुसरा ठरवतो, तेच स्नायू तासन्‌तास ताणलेले राहतात, दुखलं तरी थांबता येत नाही. व्यायामात वेग तिचा, हालचाल सगळ्या अंगाची, आणि थांबण्याचा हक्क तिचा. म्हणून आधीच राबलेल्या अंगावर व्यायामाचं आणखी एक ओझं टाकावं, असं मी म्हणत नाही. तिच्या कामातून वेळ काढून तो तिला द्यावा, असं म्हणतो. तासाभराने झोळी रिकामी करून पाठ ताठ करणं, वाकून आणि उभ्याने करायची कामं आलटून पालटून घेणं, वेचणीच्या दिवशी संध्याकाळच्या भाकरी दुसऱ्या कोणी थापणं, इथूनच सुरुवात होते.

म्हणून फायब्रोमायल्जियाचा नैसर्गिक उपाय बाटलीत मिळत नाही आणि एकट्या बाईला करताही येत नाही. नवऱ्याने रात्रीचा चहा स्वतः ठेवावा. सासूबाईंनी ‘आमच्या वेळी’ म्हणणं थांबवावं. त्यांच्या वेळीही अंग ठणकत होतंच, त्यांचं कोणी ऐकलं नव्हतं. मुकादमाने पाच मिनिटांच्या विसाव्यावरून बोलू नये. आशाताईंनी पुडी घेणाऱ्या बाईला गाठून उपजिल्हा रुग्णालयात पाठवावं, आणि तिथल्या डॉक्टरांनी ‘काही झालेलं नाही’ याऐवजी म्हणावं : ‘दुखणं खरं आहे, जिवाला धोका नाही, आणि ते कमी करता येतं.’ ही तीनही विधानं खरी आहेत, आणि बाईला ती तिघांकडून ऐकायला मिळायला हवीत : डॉक्टरांकडून, नवऱ्याकडून आणि सासूकडून.