खाणारा म्हणतो वातड

'शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड' ही म्हण आपण कृतघ्न माणसासाठी वापरतो. पण मटणाची आपली पारखही तिच्यात नेमकी उतरली आहे. वातड की कोवळे, एवढाच आपला प्रश्न! रविवारी सकाळी खाटकाच्या दुकानापुढे उभे राहिलेले गृहस्थ 'कोवळे द्या हो' म्हणून बजावतात. मांडी घ्यावी की खांदा, यावर घरी खल होतो. पण त्या करडाने जन्मभर खाल्ले काय, हे विचारणारा विरळाच. आडात नसेल तर पोहऱ्यात येणार कुठून?

करडाच्या पोटाची रचना मोठी मौजेची असते. पोटाला कप्पे चार, पण जन्मतः त्यांतला चौथाच काय तो कामाचा. करडू आचळाला लागले की आतली एक पन्हळ मिटते आणि दूध आधीचे कप्पे चुकवून पुढे उतरते. त्यामुळे दुधातली स्निग्ध द्रव्ये फारशी न बदलता अंगी लागतात. म्हणजे आईने खाल्लेल्या पाल्याचा गुण दुधावाटे लेकराच्या मांसापर्यंत पोचतो. दोन-तीन आठवड्यांनी करडू पाला कुरतडू लागते, कोटीपोट वाढते, रवंथ सुरू होते आणि मग मात्र ज्याचे त्याने खाल्लेले त्याच्या अंगी लागते.

हिरव्या चाऱ्यात ओमेगा-३ जातीची स्निग्धाम्ले असतात. कोटीपोटातले सूक्ष्म जीव त्यांतली बरीचशी बदलून टाकतात. तरी थोडी निसटून मांसात उतरतात. मक्यासारख्या धान्याचा खुराक भरपूर दिला की वजन झरझर चढते, पण चरबीही चढते आणि ओमेगा-३ चा वाटा घटतो. उलट, नुसत्या दुधावर वाढवलेल्या करडाचे मांस फिकट दिसते, कारण दुधात लोह अगदीच थोडे असते. स्पेन-पोर्तुगालात असे करडू पक्वान्न समजले जाते. ते जिभेला लोण्यासारखे लागत असेलही. पण कोवळे म्हणजे कसदार नव्हे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. तेव्हा मांसातल्या लोहाचा विचार आपल्या घराला परका नाही.

अर्थात चाऱ्याने चमत्कार होतो, असे कुणी समजू नये. प्रथिने दोन्हींकडे जवळजवळ सारखीच, आणि शेळीचे मांस मुळातच कमी चरबीचे. फरक पडतो तो चरबीच्या जातीत, रंगात आणि लोहात.

आता हा हिरवा चारा यायचा कुठून? त्यासाठी मुंबईकरांनी समोरच पाहावे. १२ जानेवारी २०२४ रोजी २१.८ किलोमीटरचा सागरी सेतू खुला झाला आणि शिवडीहून न्हावा-शेवा हाकेच्या अंतरावर आले. एके काळी इथे भातखाचरे होती, मिठागरे होती, खाडीकाठी तिवरांची दाटी होती. भाताच्या बांधावरचे गवत आणि झुडपांचा पाला हाच शेळीचा संसार. नवी मुंबईसाठी जमिनी घेतल्या गेल्या. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात पाच शेतकऱ्यांचे प्राण गेले. १९८९ मध्ये बंदर सुरू झाले. खाचरांच्या जागी मालपेट्यांच्या उतरंडी उभ्या राहिल्या. भातजमिनीचा निदान सातबारा होता, त्याची भरपाई मागता आली. बांधावरच्या गवताचा सातबारा कुणाच्या नावावर असणार?

चराई आटली की शेळी दाव्याला येते. दाव्याची शेळी वाईट, असे मुळीच नाही. शेवरी, सुबाभूळ यांचा पाला दारी लावता येतो; सुबाभूळ मात्र बेताने घालावी. व्यालेल्या शेळीला तो रोज मिळाला आणि करडाला पोटभर दूध पिऊ दिले, तर दाव्यालाही कस उतरतो. पण याला वेळ लागतो, कष्ट लागतात. शेळी पाळणारीने हे सारे करावे, आणि बाजारात बोकडाचा भाव ठरावा तो वजनावर! मग तिने पाला कशाला तोडावा? पोतेभर खुराक आणून वजन फुगवणे सोपे.

म्हणूनच पुढल्या रविवारी खाटकाला एक प्रश्न जास्तीचा विचारावा: 'बोकड काय खाऊन वाढला?' पहिल्या दिवशी तो आपल्याकडे वेड्यासारखा पाहील. दहा गिऱ्हाइकांनी विचारले, की तोही बोकड घेताना विचारू लागेल. मग पाल्यावर वाढलेल्या करडाला दोन पैसे अधिक मिळाले, तर ते देताना मात्र आपण कुरकुर करू नये. शेळीने जीव दिलेला असतो. निदान तिच्या जेवणाची चौकशी तरी आपल्याकडून व्हावी.