'काळजी करू नका' ही पळवाट

आमच्यापैकी एकाच्या छातीचा सीटी स्कॅन दीड वर्षापूर्वी भलत्याच कारणासाठी झाला. अहवालाच्या तळाशी एक ओळ होती : उजव्या फुप्फुसात ७ मि.मी.चे नोड्यूल, सहा महिन्यांनी पुन्हा स्कॅन करावा. डॉक्टर म्हणाले, ''काळजी करू नका,'' आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावले. नंतर घरी, स्टाफरूममध्ये, फोनवर प्रत्येकाने हेच वाक्य ऐकवले. आमचा आक्षेप नेमका या वाक्याला आहे.

मराठीत 'काळजी' करताही येते आणि घेताही येते. 'काळजी करू नका' असे फर्मावणारा माणूस बहुधा काळजी घेण्याच्या जबाबदारीतून स्वतःची सुटका करून घेत असतो. रुग्णाची भीती हा त्याच्या मनाचा दुबळेपणा ठरला, की समजावून सांगण्याचे कष्ट वाचतात.

मग त्या नोड्यूलचे मराठीकरण होते 'गाठ'. आमच्या घरांतून या शब्दाचा अर्थ एकच. वाळल्या वाटाण्याएवढ्या ठिपक्याला हा शब्द चिकटला, की माणूस निदानापूर्वीच रोगी होतो. वास्तविक असे ठिपके अनेक कारणांनी उमटतात. क्षयाचा वावर असलेल्या आपल्या देशात जुन्या, बऱ्या झालेल्या संसर्गाचे व्रणही त्यांत असतात. अमेरिकेत धूम्रपान करणाऱ्या वा पूर्वी केलेल्या सुमारे ५३ हजार लोकांवर झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. सीटी तपासणीमुळे फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू २० टक्क्यांनी घटले, हे त्यातून दिसले. पण ज्या तपासण्या संशयास्पद ठरल्या, त्यांतील ९६ टक्क्यांहून अधिक वेळा अखेर कर्करोग नव्हता, हेही दिसले. म्हणजे स्कॅन उपयुक्त आहे आणि भीती बहुतेकदा निराधार ठरते; ही दोन्ही विधाने एकत्र सांगता येतात. सांगत कोणी नाही.

सहा महिने थांबायचे का, हेही कोणी सांगत नाही. वाढ होते की नाही, हीच तर परीक्षा. ६ मि.मी.च्या ठिपक्याचे आकारमान दुप्पट झाले तरी त्याचा व्यास जेमतेम साडेसात मि.मी. होतो. घाईने काढलेल्या स्कॅनमध्ये एवढा फरक खात्रीने मोजणे कठीण. थांबणे हा येथे निष्काळजीपणा नसून तपासणीचाच भाग आहे. हे सांगायला दोन मिनिटे लागतात.

''फार सांगितले की रुग्ण अधिक घाबरतो,'' असा युक्तिवाद आम्ही ऐकला आहे. तो आम्हांस मान्य नाही. न सांगितलेली जागा रिकामी राहत नाही. रात्री दोन वाजता इंटरनेट ती भरून काढते. त्यापेक्षा रुग्णाने चार प्रश्न लिहून न्यावेत : आकार किती? ठिपका घन की धूसर? तुलनेला जुनी फिल्म आहे काय? पुढची तारीख कोणती, आणि वाढ दिसल्यास काय करणार?

दोष केवळ डॉक्टरांचा नाही. मराठी शिकवणाऱ्या आमच्यासारख्यांचाही आहे. आजारावरचे आपले लेखन एकतर विजयगाथा असते, नाहीतर शोकगीत. 'झुंज', 'लढा', 'मात' या शब्दांपलीकडे ते जात नाही. सुसान सॉन्टॅग यांनी स्वतःच्या कर्करोगानंतर १९७८ साली अशा युद्धरूपकांवर कठोर टीका केली होती. आपण मात्र तीच रूपके पाठ्यपुस्तकांतून घोटत राहिलो. दोन स्कॅनमधल्या माणसासमोर शत्रूच नसतो, त्याने लढायचे कोणाशी? त्याला वाट पाहायची आहे, आणि वाट पाहण्याची भाषा आम्ही त्याला दिलेली नाही. 'सकारात्मक विचार करा' ही तर भाषाच नव्हे. भिंतीवरचे सुभाषित आहे.

असो. आमच्या सहकाऱ्याचा दुसरा स्कॅन जैसे थे निघाला. तिसरा पुढच्या महिन्यात आहे. अलीकडे झोप उडाली आहे, असे त्यांनी परवा सांगितले. आम्ही उपदेश केला नाही. जुन्या फिल्म शोधून पिशवीत ठेवल्या, आणि त्या दिवशी त्यांच्या तासांना कोण जाणार आणि त्यांच्यासोबत कोण, ते ठरवले.