बॅकअप आहे हो, पण परत कधी मिळणार?

मंडळी, "बॅकअप घेतलाय ना?" हा प्रश्न हल्ली घरोघरी ऐकू येतो. "घेतलाय" असं उत्तर आलं की विषय संपतो. माझ्या मते हा प्रश्नच अपुरा आहे. विचारायचं ते असं, की सगळं परत जागेवर यायला वेळ किती लागेल, आणि ते कुणी कधी करून पाहिलंय का?

माहिती किती जीबी आहे एवढ्यावरून हा वेळ ठरत नाही. ती किती तुकड्यांत आहे, हेही बघावं लागतं. ४ जीबीचा एक सिनेमा घ्या. साधी हार्ड डिस्क सेकंदाला १०० एमबी वाचते असं धरलं, तर ४० सेकंदांत काम झालं. आता तेवढीच माहिती ४० केबीच्या १ लाख फाइलींत आहे असं समजा. प्रत्येक फाइलीचं नाव शोधायचं, तिची नोंद वाचायची, मग मजकूर वाचायचा. डिस्कचं वाचणारं डोकं योग्य जागी पोचायला दर वेळी साधारण १० मिलिसेकंद घेतं. तीन फेऱ्या धरल्या तर लाख फाइलींना ३,००० सेकंद, म्हणजे ५० मिनिटं! हिशेब ढोबळ आहे, पण फरक लक्षात यावा.

शिक्षकांना हे लगेच पटेल. उत्तरपत्रिकांचा बांधलेला गठ्ठा शेजारच्या खोलीत न्यायला मिनिटही लागत नाही. तोच एकेक पेपर सुटा न्यायचा आणि दर वेळी रजिस्टरात नंबर लिहायचा म्हटलं, तर दुपार जाते. कागदाचं वजन मात्र तेवढंच!

परत आणताना तर काम आणखी वाढतं. प्रत्येक नाव नव्याने नोंदायचं, जागा शोधायची, वर अँटीव्हायरस एकेक फाइल तपासणार. एसएसडीत फिरणारं डोकं नसतं, त्यामुळे वाट कमी बघावी लागते, पण नोंदींचं काम चुकत नाही. क्लाउडवरून एकेक फाइल मागवली आणि प्रत्येकीला २०० मिलिसेकंद लागले, तर लाख फाइलींना साडेपाच तास होतात. एका वेळी अनेक फाइली मागवल्या तर वेळ कमी होतो, इतकंच.

यावरचा उपाय जुनाच आहे: गठ्ठा बांधा. युनिक्सवर १९७९ पासून असलेला 'टार' हा प्रोग्राम टेपवर साठवण्यासाठी पुष्कळ फाइलींची एक मोठी फाइल करतो. आपल्याला घरी झिप पुरे. फोटो झिप करून आकार फारसा घटत नाही हे खरं, पण नेण्या-आणण्याचा वेळ वाचतो. सगळं एकाच गठ्ठ्यात मात्र कोंबू नये. तो बिघडला तर सगळंच अडकेल. वर्षावार गठ्ठे करावेत, सोबत यादी ठेवावी, आणि एक प्रत दुसऱ्या घरी असावी.

हे सगळं आपल्या घरातल्यांना मुद्दाम सांगतोय. ज्या पत्रांचे कागद वाळवीने खाल्ले, त्यांची स्कॅन केलेली पानं हीच आता मूळ प्रत आहे. ती परत मिळवता येते की नाही, हे डिस्क बंद पडल्यावर कळून काय उपयोग?

तेव्हा येत्या सुट्टीत एका वर्षाचा गठ्ठा दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. घड्याळ लावून. दोन-चार पानं वाचूनही बघा. जो बॅकअप कधी उघडून पाहिला नाही, त्याला मी तरी बॅकअप म्हणणार नाही.

असो. किती वेळ लागला ते जरूर कळवा.