रस्त्याकडे पाठ असलेली प्रार्थनामंदिरे



प्रार्थनामंदिर रस्त्यापासून किती अंतरावर असावे, हा प्रश्न वरवर पाहता नगरपालिकेने व इंजिनिअरने सोडवावयाचा आहे. उद्या रस्ता रुंद करावयाचा असतो, उजेड-वारा हवा असतो, आगीचा बंब आत यावयास हवा असतो; म्हणून प्रत्येक बांधकामास काही फूट मागे सरकावे लागते. एखादे चर्च ‘आम्हांस थोडे पुढे येऊ द्या’ असा अर्ज करते, शेजारी हरकत घेतात, सुनावणी होते, निकाल लागतो. यात मानभंग कोणाचाच नाही, कारण तोच नियम दुकानाला आणि दवाखान्यालाही लागू असतो. हे अंतर धर्म पाहून ठरविले गेले, की मात्र प्रश्नाचे स्वरूप पालटते. व्हिएन्ना शहराचा इतिहास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे.

१७८१ साली सम्राट दुसरा जोसेफ याने सहिष्णुतेचा हुकूमनामा काढला. जेथे शंभर प्रॉटेस्टंट कुटुंबे असतील तेथे त्यांना प्रार्थनागृह बांधण्याची मुभा मिळाली. पण त्यास घंटा नसावी, मनोरा नसावा आणि रस्त्यावरून प्रवेशद्वार नसावे, अशा अटी होत्या. ‘सहिष्णुता’ हा शब्द वर्गात शिकविताना त्यातील ‘सह्’ हा धातू, म्हणजे सोसणे, मी मुलांस अवश्य दाखवीत असे. मनुष्य डोकेदुखी सोसतो, डास सोसतो. ज्याला केवळ सोसावयाचे, त्याला ओसरीवर बसवीत नाहीत.

१७८४ मध्ये बांधलेल्या तेथील रिफॉर्म्ड चर्चला म्हणूनच रस्त्यावर दार नव्हते. १८६१ साली प्रॉटेस्टंटांना समान हक्क मिळाले, आणि १८८७ मध्ये त्या चर्चने आपले तोंड फिरविले. आतील रचना उलटी करून डोरोथेअरगासे या रस्त्यावर मनोऱ्यासह नवा दर्शनी भाग उभारण्यात आला. वास्तू तीच, जागा तीच. रस्त्यापर्यंतचे ते थोडे अंतर ओलांडण्यास शतकाहून अधिक काळ लागला.

आपल्या यहुदी बांधवांची वाट याहून बिकट होती. १७८२ च्या हुकूमनाम्याने व्हिएन्नातील यहुद्यांना सार्वजनिक उपासनेची परवानगी दिलीच नाही. पुढे १८२६ साली त्यांचे सिनेगॉग उभे राहिले, तेही रस्त्यावरून ओळखू येणार नाही असे. योझेफ कोर्नहॉयझेल या वास्तुशिल्पज्ञाने पुढे भाडेकरूंच्या घरांची इमारत ठेवली व तिच्या मागे लंबवर्तुळाकार सभागृह रचले. आत बारा स्तंभ, स्त्रियांसाठी सज्जे आणि वर ताऱ्यांनी मढविलेला घुमट. बाहेरून पाहणाऱ्यास मात्र ती एक सामान्य चाळ वाटावी!

१९३८ च्या नोव्हेंबरात नाझींनी शहरातील इतर सिनेगॉगांचा विध्वंस केला. हे एक वाचले. त्याची आतून मोडतोड झाली. पण आग लावली असती तर लगतची घरेही पेटली असती, म्हणून ते जाळले गेले नाही. यावरून कोणी म्हणतात की त्या जुन्या नियमाने उपकारच केला. मला हे मुळीच मान्य नाही. भिंती वाचल्या, पण ऑस्ट्रियातील सुमारे पासष्ट हजार यहुदी प्राणांस मुकले. लपण्याची सक्ती करणाऱ्या कायद्याचे आभार कशासाठी मानावयाचे?

हे वाचताना मुंबईच्या मांडवी भागाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. सामुएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ मध्ये ‘शाआर हारहामीम’ स्थापन केले, म्हणजे व्हिएन्नातील त्या सिनेगॉगच्या तीस वर्षे आधी. ते ज्या रस्त्यावर आहे त्याचे नावच सामुएल स्ट्रीट. आपल्या पूर्वजांस मशीद आडोशाला बांधावी लागली नाही, ही गोष्ट आपण इतकी गृहीत धरली आहे, की मुलांना ती सांगावयाचेही राहून जाते.

व्हिएन्नाच्या त्या सिनेगॉगविषयी आणखी एक माहिती येथील वाचकांस द्यावीशी वाटते. १९४९ च्या ऑगस्टमध्ये थिओडोर हर्झल यांची शवपेटी यरुशलेमला आणण्यापूर्वी दर्शनासाठी तेथेच ठेवण्यात आली होती.