नाव बदलले, नळाचे काय?

वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. महारवाडा, मांगवाडा ही नावे जाऊन समतानगर, भीमनगर अशा पाट्या लावायचे ठरले. निर्णय योग्यच होता. मात्र पाटी बदलल्याने वस्तीची जागा बदलत नाही. गावची जलवाहिनी तिथे सर्वांत शेवटी पोहोचते का, सांडपाणी तिथेच येऊन तुंबते का, अंगणवाडी किती लांब आहे, हे प्रश्न उरतातच. कोल्हापूर जिल्ह्यात त्यांची मोजून उत्तरे मिळवण्याचे काम विद्यार्थी करू शकतात.

भेदभाव म्हटला की शिवीगाळ, मारहाण, बहिष्कार डोळ्यांसमोर येतो. पण तो नियमांत आणि नकाशांतही मुरलेला असतो. अमेरिकेत याला संरचनात्मक वंशभेद म्हणतात. १९३० च्या दशकात तिथल्या सरकारी गृहकर्ज संस्थेने शहरांचे नकाशे केले. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या त्यांत लाल रंगवून कर्जासाठी धोकादायक ठरवल्या गेल्या. पुढे १०८ शहरांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात हे लाल भाग इतर भागांपेक्षा सरासरी २.६ अंश सेल्सिअसने जास्त तापत असल्याचे दिसले. कारण तिथे झाडे कमी आणि डांबर-सिमेंट जास्त. नकाशे करणारे केव्हाच गेले, झळ मात्र आजच्या रहिवाशांना बसते.

तिकडे वंश, इकडे जात. भारतातील सुमारे १५ लाख शहरी आणि ग्रामीण वस्त्यांची माहिती तपासून अर्थशास्त्रज्ञांनी २०२३ मध्ये एक निष्कर्ष मांडला. दलित आणि मुस्लिम वस्त्यांत शाळा, दवाखाने, पाणी, गटारे यांसारख्या सार्वजनिक सोयी कमी आढळल्या. जिल्ह्याची किंवा शहराची सरासरी काढली की ही तफावत झाकली जाते. ती दिसते वॉर्डात, गल्लीत. म्हणजे दिल्ली-मुंबईच्या धोरणाइतकाच ग्रामपंचायतीचा ठराव आणि नगरपालिकेचे कामांचे वाटप महत्त्वाचे ठरते.

पाण्याचेच उदाहरण घ्या. जलवाहिनीच्या शेवटच्या टोकाला दाब कमी असतो. पुरवठा बंद असताना गळक्या जोडांतून गटाराचे पाणी आत शिरू शकते. नळ दोन दिवसांनी येत असेल तर पाणी साठवावे लागते आणि उघड्या पिंपात डेंग्यूचे डास वाढतात. दूषित पाण्याची किंमत इचलकरंजीने २०१२ च्या काविळीच्या साथीत मोजली आहे. वाहिनीच्या टोकाला कोणती वस्ती येणार, हे आराखड्यावर सही होते तेव्हाच ठरते.

धोरण नेहमी वाईट हेतूनेच केलेले असते असे नाही. लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. २०२३ मध्ये शासनाने त्याबाबत सुधारित आदेशही काढला. या तरतुदीने हजारो घरांची चूल पेटती ठेवली. पण शिकलेल्या मुलाच्या हातीही बापाचाच झाडू, आणि त्यासोबत धूळ, विषारी वायू, त्वचेचे आणि श्वसनाचे विकार येत असतील, तर आधार आणि साखळी यांतला फरक तपासायलाच हवा.

या तपासणीसाठी नवी यंत्रणा लागणार नाही. एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्यांनी गावातील कुटुंबे दत्तक घेऊन त्यांच्या आरोग्याची नोंद ठेवायची असते. त्यांच्या जोडीला शिवाजी विद्यापीठाचे समाजशास्त्र आणि भूगोलाचे विद्यार्थी द्यावेत. पाण्याच्या वेळा, पाण्यातील क्लोरिनचे प्रमाण, बालकांचे वजन-उंची आणि पूररेषेपासूनचे अंतर यांची वस्तीनिहाय नोंद व्हावी. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातील १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांसाठी खर्च करण्याचा नियम आहे. ती कुठे गेली, हे माहिती अधिकारात विचारता येते. पथ्य एकच. दारोदार जात विचारून कुणाला खजील करू नये. कुटुंबाची संमती घ्यावी, नावे गुप्त ठेवावीत आणि निष्कर्ष आधी त्याच वस्तीपुढे, मग ग्रामसभेपुढे ठेवावेत.

विद्यार्थ्यांचे काम म्हणून ते बाजूला टाकण्याचे कारण नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ मध्ये जातिव्यवस्थेवरील आपला निबंध कोलंबिया विद्यापीठात विद्यार्थी म्हणूनच वाचला होता. आणि राजर्षी शाहू महाराजांनी १९१९ मध्ये पाणवठे, शाळा आणि दवाखान्यांत अस्पृश्यता पाळण्यास हुकुमाने मनाई केली, ती याच कोल्हापुरात. अन्यायाची घडी नियमाने बसते, तशी ती नियमाने मोडताही येते, हे त्या हुकुमाने दाखवले. आता जिल्हा परिषद आणि महापालिकेने वस्तीनिहाय आकडे विद्यार्थ्यांना खुले करावेत. पुढचा नळ कुठे द्यायचा, हे त्या आकड्यांवरून ठरवावे.