कुत्र्याची दातखीळ व आमची घाई

मळ्यावरील कुत्र्याने भाकरीस तोंड लावले नाही व त्याचा जबडा उघडेनासा झाला, की आमच्या खेड्यांतून दोन निकाल ठरलेले असतात. घशात हाड अडकले, नाही तर कुत्रे पिसाळले. पहिल्या निकालापायी काठी घालून जबडा फाकविला जातो. दुसऱ्यापायी तीच काठी डोक्यात बसते. असले कुत्रे चर्वणस्नायूंच्या दाहानेही आजारी असू शकते, हे वाचकांच्या निदर्शनास आणणे आम्हांस अगत्याचे वाटते.

या विकारात शरीराची रोगप्रतिकारक शक्ती चावण्याच्या स्नायूंवरच उलटते. त्या स्नायूंचे तंतू हातापायांच्या तंतूंहून निराळ्या जातीचे असल्यामुळे कुत्रे चालते, शेपूट हालविते, पण त्यास तोंड उघडवत नाही. प्रारंभी कानशिले सुजतात, स्पर्श होताच ते कळवळते. कधी ताप येतो, कधी डोळे बाहेर आल्यासारखे दिसतात. पुढे सूज उतरते व धनी समजतो की गुण आला! वस्तुतः तेव्हा मांस झडून त्याच्या जागी ताठर तंतू भरत असतात. डोके कवटीसारखे दिसू लागल्यावर औषधाचा फारसा उपयोग होत नाही.

पिसाळण्याच्या मुक्या प्रकारात जबडा बहुधा लुळा पडून लोंबतो. येथे तो घट्ट मिटलेला असतो. तथापि एवढ्या खुणेवर विसंबून कोणीही तोंडात हात घालू नये. लस टोचलेली नसेल किंवा स्वभाव पालटला असेल, तर कुत्र्यास वेगळे बांधावे. ते कोणास चावले असल्यास त्याने जखम साबणाने व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. धनुर्वातातही दातखीळ बसते, परंतु तेथे पाय, कान, शेपूट सारेच ताठरते.

उपचार प्रेडनिसोलोनचा. प्रारंभी दर किलो वजनास दिवसाकाठी सुमारे २ मिलिग्रॅम, व जबडा उघडू लागल्यावर मात्रा हळूहळू उतरवीत कित्येक महिने. चार गोळ्यांत कुत्रे जेवू लागले की पुडी कोनाड्यात टाकावयाची, ही आमची खोड. त्याने रोग उलटतो. औषधाने तहान, भूक व लघवी वाढते, त्यास भिऊ नये. मात्र दुकानातून परभारे गोळ्या आणणे आम्हांस मुळीच मान्य नाही. डोळ्यामागे गळू झाले तरी तोंड उघडताना अशाच वेदना होतात, व तेथे हे औषध अपाय करील. शिवाय रोग ओळखण्याची रक्तपरीक्षा पहिल्या गोळीपूर्वीच व्हावयास हवी. मागाहून ती फसवी ठरू शकते.

बैल लंगडला तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे धावणारा शेतकरी रात्रभर पीक राखणाऱ्या कुत्र्याविषयी इतका उदासीन का, हे आम्हांस कळत नाही. तोवर त्यास पातळ आंबील वा दुधात कुस्करलेली भाकरी पसरट भांड्यात द्यावी. जबडा जबरीने उघडू नये. वेदना शमल्यावर चघळावयास काही मऊ दिल्यास तो आपोआप मोकळा होऊ लागतो.