भीतीचे गुण मोजा, पण भीतीचे कारणही विचारा

मोबाईलवर पाच मिनिटांची चाचणी द्यायची आणि 'तुम्हाला तीव्र सामाजिक चिंता आहे' असा निकाल वाचायचा, हे आता वसतिगृहांत नवीन राहिलेले नाही. त्यावर दोन प्रतिक्रिया आम्ही कायम ऐकतो. घरचे म्हणतात, 'ही मोठ्या लोकांची थेरं.' विद्यार्थी म्हणतो, 'मी आजारीच आहे, माझ्याने काही होणार नाही.' आमच्या मते दोघेही चुकतात.

ही चाचणी नेमके काय मोजते? अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ मायकेल लिबोविट्झ यांची १९८७ची मोजपट्टी प्रसिद्ध आहे. तिच्यात २४ प्रसंग आहेत. चारचौघांत जेवणे, अधिकारी माणसाशी बोलणे, सगळे बसलेले असताना खोलीत शिरणे, घेतलेली वस्तू दुकानात परत करणे. प्रत्येक प्रसंगात भीती किती आणि टाळाटाळ किती, याला ० ते ३ गुण; एकूण १४४. मुळात ती तज्ज्ञाने मुलाखत घेऊन भरायची होती, स्वतः भरायची आवृत्ती नंतर आली. म्हणून मिळालेला आकडा हे निदान नव्हे. तज्ज्ञाला भेटायला हवे, एवढेच तो सांगतो.

आता खरा प्रश्न. २०१३च्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेनुसार ही भीती प्रत्यक्ष धोक्याच्या आणि सामाजिक-सांस्कृतिक संदर्भाच्या मानाने जास्त असायला हवी. घराण्यात पहिल्यांदाच कॉलेजला गेलेल्या मुलीला तोंडी परीक्षेत आधी आडनाव आणि मग प्रवेश कोणत्या कोट्यातून, हे विचारले जात असेल, तर तिचा थरकाप 'जास्त' कसा? दिल्लीच्या एम्समध्ये वसतिगृहापासून तोंडी परीक्षेपर्यंत जातीय भेदभाव होतो, हे थोरात समितीने २००७ मध्येच नोंदवले आहे. मोजपट्टीत या अनुभवासाठी रकाना नाही. समुपदेशकाने तो विचारून भरला पाहिजे.

परंतु याचा अर्थ 'आधी समाज बदलू, मग उपचार' असा कोणी काढू नये. भीतीचे मूळ व्यवस्थेत असले तरी छाती धडधडते ती आपल्या लेकराची. टाळाटाळीने भीती वाढत जाते. आज वर्गात प्रश्न विचारायचे टाळले, उद्या मुलाखत टाळली, परवा नोकरी गेली. राखीव जागा कागदावर राहते आणि नुकसान आपलेच होते. छोट्या छोट्या पायऱ्यांनी प्रसंगाला सामोरे जायला शिकवणारी उपचारपद्धती आहे आणि तिचा उपयोग होतो. शासकीय मानसिक आरोग्यसेवा जातीचा भेद न करता मिळणे हा २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दिलेला हक्क आहे. १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक मोफत आहे आणि तेथे मराठीत बोलता येते.

आपल्या चळवळीलाही एक सांगणे आहे. 'वाघाची लेकरं घाबरत नसतात' असे माईकवरून म्हणणे सोपे आहे. सभेत मागे बसलेला, बोलताना घाम फुटणारा कार्यकर्ता ते ऐकून आणखी गप्प होतो. स्वाभिमान म्हणजे भीती लपवणे नव्हे.

म्हणून प्रत्येक महाविद्यालयाच्या समान संधी केंद्रात जात समजणारा प्रशिक्षित समुपदेशक असावा, अशी मागणी विद्यार्थी संघटनांनी लावून धरावी. उपचार व्यक्तीला मिळावेत आणि चौकशी वर्गाची व्हावी. यातले एकच पदरात घेऊन आम्ही समाधान मानणार नाही.